जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि केसिंगची पारख

लॅपटॉपमधील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे कोणताही हलता भाग नसलेले चिपवर आधारित साठवणसाधन, बसवण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत सर्रास रूढ झाली आहे. त्यामुळे चालू स्थितीतील असंख्य डिस्क घरांतील खणांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत पडून असतात. अशी डिस्क यूएसबीद्वारे कोणत्याही संगणकाला जोडता यावी यासाठी जी पेटी मिळते तिला बाजारात केसिंग किंवा एनक्लोजर म्हणतात. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या या पेट्या बाहेरून एकमेकींसारख्याच दिसतात. त्यांच्या विश्वासार्हतेतील फरक मात्र खोक्यावर सहसा न छापल्या जाणाऱ्या दोन गोष्टींवर, आतील एका चिपवर आणि सोबतच्या केबलवर, अवलंबून असतो.

प्रथम डिस्क कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते. लॅपटॉपची डिस्क २.५ इंची असली तरी तिची जाडी ७, ९.५ किंवा जुन्या डिस्कच्या बाबतीत १२.५ मिलिमीटरही असू शकते. पातळ डिस्क जाड पेटीत स्पंजची पट्टी लावून बसवता येते, उलट मात्र करता येत नाही. जोडणीच्या टोकाशी इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या दोन चपट्या खाचा शेजारी शेजारी असतील तर डिस्क सॅटा प्रकारची, आणि सुईसारख्या पिनांच्या दोन रांगा असतील तर ती त्याआधीच्या आयडीई प्रकारची समजावी. सॅटा २००३ साली बाजारात आले व पुढील काही वर्षांत लॅपटॉपमध्ये रुळले, त्यामुळे आज हाती येणारी बहुतेक डिस्क सॅटाच असते. आयडीईसाठी निराळे केसिंग लागते आणि ते आता शोधावेच लागते.

सॅटा आणि यूएसबी यांचे संदेश वेगवेगळ्या पद्धतीचे असल्याने पेटीतील छोट्या सर्किटवर दोन्हींमध्ये दुभाष्याचे काम करणारी चिप असते, तिला ब्रिज चिप म्हणतात. जेमायक्रॉन, एएसमीडिया आणि रिअलटेक या तैवानी कंपन्यांच्या चिप या कामासाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. चांगली चिप डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली नोंद, संगणकापर्यंत जशीच्या तशी पोहोचवते. हलकी चिप ती अडवते आणि मग डिस्क खराब होत चालल्याचे कळण्याचा मार्गच उरत नाही. काही चिप यूएएसपी नावाची नवी पद्धत वापरतात, जिच्यात एकामागोमाग एक आज्ञा पूर्ण होण्याची वाट न पाहता अनेक आज्ञा एकत्र पाठवता येतात. जाहिरातीत या अक्षरांचा मोठा गाजावाजा असतो, परंतु फिरत्या तबकडीच्या डिस्कला त्याचा लाभ बेताचाच होतो. शिवाय काही चिपमध्ये ही सोय इतकी सदोष निघाली की लिनक्सच्या गाभ्यात ती बंद ठेवण्याजोग्या उपकरणांची यादीच समाविष्ट करावी लागली. आणखी एक खोड मोठ्या क्षमतेच्या डिस्कच्या बाबतीत आढळते: काही ब्रिज डिस्कमधील ५१२ बाइटचे विभाग संगणकाला ४,०९६ बाइटचे असल्याचे भासवतात, आणि त्या पेटीत फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या पेटीत घातली की रिकामी असल्यासारखी दिसते.

चिप कोणती हे दुकानात ओळखणे अवघड असले तरी अशक्य नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जोडलेल्या उपकरणाचा उत्पादक क्रमांक दिसतो. तो १५२डी असेल तर चिप जेमायक्रॉनची आणि १७४सी असेल तर एएसमीडियाची असते, अर्थात विक्रेत्याने तेथे स्वतःचा क्रमांक घातलेला नसेल तर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आपली डिस्क बरोबर नेऊन पेटीत घालून पाहू द्या असे सांगता येते. ऑनलाइन खरेदीत ही मुभा नसल्याने वर्णनात चिपचे नाव स्पष्ट दिलेले केसिंग थोडे महाग पडले तरी घेणे शहाणपणाचे ठरते.

स्वस्त केसिंगविषयीच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा विजेच्या पुरवठ्यात असते. २.५ इंची डिस्क केवळ ५ व्होल्टवर चालत असल्यामुळे तिला वेगळा अडॅप्टर लागत नाही, पण तबकडी गतिमान होण्याच्या पहिल्या काही क्षणांत ती सुमारे १ अँपिअर प्रवाह ओढते. यूएसबी २.० च्या नियमानुसार पोर्ट ०.५ आणि यूएसबी ३.० च्या नियमानुसार ०.९ अँपिअर देतो. प्रत्यक्षात बरेच पोर्ट थोडे अधिक देतात, म्हणून काम निभावते. केबल बारीक व लांब असेल तर मात्र तिच्यातच व्होल्टेज घटते. ०.३२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची १ मीटर केबल घेतली तर जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा मिळून १ अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्टची घट होते, आणि डिस्कला चालणारी खालची मर्यादा सहसा ४.७५ व्होल्ट असते. अशा वेळी डिस्क टकटक आवाज करते, संगणकावर दिसते आणि नाहीशी होते. डिस्कच बिघडली असा समज करून घेऊन ती फेकूनही दिली जाते. अर्ध्या मीटरहून लांब नसलेली जाड केबल हा यावरचा साधा उपाय आहे. दोन पोर्टांतून वीज घेणारी वाय आकाराची केबलही मिळते व उपयोगी पडते, जरी यूएसबीच्या अधिकृत नियमांना ती मान्य नाही.

वेगाच्या बाबतीत फार घासाघीस करण्याचे कारण नाही. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी लॅपटॉपची डिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट वाचते, यूएसबी २.० वर तोच वेग ३५ च्या आसपास अडतो, त्यामुळे १०० गिगाबाइट हलवायला सतरा मिनिटांऐवजी पाऊण तासाहून अधिक लागतो. म्हणून यूएसबी ३.० हवेच, त्यापुढील १० गिगाबिटच्या पेटीसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. खोक्यावर ३.१ जेन १ किंवा ३.२ जेन १ असे लिहिलेले असले तरी तो जुना ३.० चाच ५ गिगाबिटचा वेग असतो. नावे बदलण्याच्या या हौसेने ग्राहकांचा गोंधळ तेवढा वाढवला आहे. अॅल्युमिनियमची पेटी उष्णता बाहेर टाकते आणि दीर्घकाळ प्रती काढताना तिचा उपयोग होतो, मात्र अधूनमधून वापरायच्या डिस्कला प्लास्टिकची पेटी पुरते.

डिस्क पेटीत घातल्यावर विंडोजने तिच्यातील माहितीसाठी कुलपाची किल्ली मागितली तर ती बिटलॉकर या कूटबद्धीकरणाने बंद केलेली असते, आणि ४८ अंकी रिकव्हरी की जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घेणे आवश्यक असते. डिस्क उघडल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने स्मार्ट नोंद पाहावी. तीत बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा शून्याहून अधिक असेल आणि काही दिवसांनी तो वाढलेला दिसला, तर त्या डिस्कवरील माहिती उतरवून घेण्यापुरतेच केसिंग वापरावे आणि नंतर त्यात दुसरी डिस्क बसवावी.