मॅकओएस: नाव नवे, अटी नव्या

२००१ मध्ये ॲपलची संगणक प्रणाली ‘मॅक ओएस एक्स’ या नावाने आली. २०१२ मध्ये ‘मॅक’ गळून नुसते ‘ओएस एक्स’ उरले. २०१६ च्या ‘सिएरा’ आवृत्तीपासून ती ‘मॅकओएस’ झाली, म्हणजे आयओएस, वॉचओएस या भावंडांच्या पंगतीत बसली. २०२५ मध्ये क्रमांक १५ वरून थेट २६ वर गेला.

नाव बदलायला खर्च येत नाही. यंत्राचे तसे नसते. सिएरासाठी मॅकबुक किंवा आयमॅक २००९ च्या अखेरीचा तरी हवा होता. २६ व्या आवृत्तीत, ‘टाहो’मध्ये, इंटेल प्रोसेसरची केवळ ४ मॉडेल उरली, आणि इंटेलसाठी ही शेवटचीच आवृत्ती. ॲपलच्या स्वतःच्या चिपचा आज्ञासंच इंटेलपेक्षा वेगळा असतो. दोन्हींसाठी प्रणाली घडवायची म्हणजे प्रत्येक भाग दोनदा तयार करून दोनदा तपासावा लागतो.

कर्जत मार्गावरच्या शेलू स्थानकातल्या लोकल प्रवाशांना हे पटकन उमगेल. मध्य रेल्वेच्या तारांत १५०० व्होल्ट डीसीऐवजी २५,००० व्होल्ट एसी वीज आली, तेव्हा फक्त डीसीवर धावणाऱ्या जुन्या लोकल धडधाकट असूनही निरुपयोगी ठरल्या. इंटेल मॅक मात्र लगेच बंद पडत नाही. जुन्या आवृत्तीवर तो चालत राहतो. पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात, आणि खरा धोका तिथे आहे. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून ‘अबाउट धिस मॅक’ उघडले, की मॉडेलचे वर्ष आणि चिप दोन्ही दिसतात. जुना मॅक विकत घेताना पैसे मोजण्याआधी ही खिडकी उघडायला लावावीच.