एक दिवस सवाईच्या मांडवात

रिठदसारख्या गावी संगीत म्हणजे एकादशीचे भजन, सप्ताहातील कीर्तन आणि लग्नातील वाजंत्री. ख्यालगायनाशी आमची ओळख झाली ती नभोवाणीच्या कृपेने. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ओसरीवर यंत्र ठेवावे आणि भोवती चौघांनी बसावे, असा आमचा क्रम कित्येक वर्षे चालला. त्या चौघांत प्रस्तुत लेखक हा शाळामास्तर, दुसरे पोस्टमास्तर, तिसरे किराणा दुकानाचे मालक आणि चौथे आमचे बुवा. बुवांनी गावच्या भजनात चाळीस वर्षे मृदंगावर हात चालविला आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकदा प्रत्यक्ष ऐकावयाचा, हा आम्हा चौघांचा संकल्प फार जुना. परंतु कधी पेरणी, कधी मुलीचे लग्न, तर कधी घरातील आजारपण, अशा कारणांनी तो दरवर्षी पुढे ढकलला जाई.

गेल्या मार्गशीर्षात मात्र बुवाच आमच्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, उजवा कान गेला. डावाही आता निरोप घेतो आहे. यंदा नाही गेलो, तर पुढे केवळ पाहावयासच जावे लागेल.” यावर काय बोलावे? घरात मंडळींनी थंडीचे व वयाचे कारण काढून पाहिले. शेवटी बुवांच्या बारा वर्षांच्या नातवाला सोबत न्यावे, या अटीवर संमती मिळाली. सूनबाईंनी दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आम्ही वाशीमहून रात्रीच्या एस. टी.ने निघालो.

हा उत्सव पुण्याचा खरा. तथापि त्याच्या नावात आमच्या वऱ्हाडचाही वाटा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ (जन्म १८८६) हे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. ते नाटकांतून भूमिका करीत असत. अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांस ‘सवाई गंधर्व’ म्हटले, अशी हकीकत सांगतात. उत्तरायुष्यात अर्धांगवायूने त्यांचे जाहीर गायन थांबविले. १९५२ साली ते निवर्तले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव आरंभिला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो चालविते. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेल्यानंतर उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. शिष्याने गुरूचे श्राद्ध स्वरांनी करावे आणि पुढे त्याच मांडवात त्या शिष्याचेही स्मरण व्हावे, याहून गुरुऋणाची फेड ती कोणती?

हे घराणे ‘किराणा’ या नावाने ओळखले जाते. ते ऐकून आमचे दुकानदार स्नेही छाती पुढे काढून म्हणाले, “म्हणजे आमचेच घराणे की!” ते नाव उत्तर प्रदेशातील कैराना गावावरून आले, असे सांगून मला त्यांचा अभिमान थोडा उतरवावा लागला.

पूर्वी पुष्कळ वर्षे हा उत्सव रमणबागेच्या शाळेच्या पटांगणात भरे. २०१८ पासून तो मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होऊ लागला. आम्ही अखेरच्या दिवशी दुपारीच जाऊन सतरंजीवर जागा धरली. वर मांडव, बाजूंनी मोकळा वारा आणि समोर स्वरमंच. दूर बसलेल्यांस कलावंतांचे हात दिसावेत म्हणून मोठे पडदेही लावलेले होते. आजीबाईंपासून महाविद्यालयातील मुलामुलींपर्यंत हजारो माणसे जमली होती. तथापि स्वर लागताच इतकी शांतता पसरे, की मला माझ्या वर्गाची आठवण होऊन किंचित लाज वाटली.

एका वेळी मंचावर तंबोरे जुळू लागले. आम्ही तिघे डोळे मिटून बसलो होतो. इतक्यात बुवांनी माझा दंड धरून हळूच विचारले, “मास्तर, तंबोरे लागले का?”

तंबोरे केव्हाचे लागले होते. जवारीचा तो झंकार साऱ्या मांडवात भरून राहिला होता. वय झाले म्हणजे कानाला बारीक व उंच नाद प्रथम सोडून जातात आणि खर्जाचे नाद मागाहून जातात, असे वैद्यकशास्त्र सांगते. बुवांच्या बाबतीत ते त्या क्षणी माझ्यासमोर उभे राहिले. मी केवळ “हो, लागले” एवढेच म्हणालो. बुवांनी मान हलविली आणि नातवाचा हात आपल्या हातात घेतला.

विलंबित एकताल सुरू झाला. त्याच्या मात्रा बारा आणि बुवांच्या मृदंगावरच्या चौतालाच्याही मात्रा बाराच. बुवांची दृष्टी पडद्यावरील तबलजीच्या हातांवर खिळली होती. डग्ग्याचा घुमारा त्यांस ऐकू येत असावा. राहिलेले ते डोळ्यांनी भरून काढीत होते. नातवाच्या तळव्यावर बोटाने ते एकेक मात्रा मोजीत होते. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत तो मुलगा नुसता कंटाळला. पुढे त्याचे ओठ हलू लागले. आणखी काही आवर्तने गेली. गायिका समेवर आली, मांडवातील हजारो माना एकदम हलल्या, आणि त्यांत त्या मुलाचीही मान होती. त्याने आजोबांकडे पाहिले, तेव्हा आजोबांची मानही नेमकी तेथेच आलेली होती.

पूर्वी हा उत्सव रात्रभर चाले. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. एखाद्या दिवशीच सवलत मिळते. त्यामुळे उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याचा योग हरपला, अशी पोस्टमास्तरांची तक्रार. शेजारच्या रुग्णाला व अभ्यास करणाऱ्या मुलालाही झोप हवी, असा माझा पक्ष. वाद मिटला नाही. तो मिटावा अशी आमची इच्छाही नव्हती.

परंपरेप्रमाणे उत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतील भैरवीने झाली. सारा मांडव निश्चल बसला होता. ज्यांचा कंठ हयातीतच आजाराने थांबविला, त्यांचा आवाज मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी आम्ही ऐकत होतो. बुवांस त्यातील कितीसे ऐकू आले, हे मी विचारले नाही.

परतीच्या गाडीत मुलगा आजोबांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपला होता. पहाटे केव्हातरी मला जाग आली. बुवा जागेच होते. मला पाहून ते म्हणाले, “मास्तर, पोराचा हात तालात आहे. पुढच्या एकादशीला मृदंगापाशी बसवतो.”

ती एकादशी होऊन गेली. मुलगा बसला आणि दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मात्र समेवर आला.