होडीच्या इंजिनाचा दुर्लक्षित सांधा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन आम्ही शापोरा नदीतून होडीने परतत होतो. धक्का जवळ आला तशी होडीवाल्याने समोरची मूठ मधल्या जागी, म्हणजे न्यूट्रलवर, आणली. तरी होडी पुढे सरकतच राहिली. ती थोपवावी म्हणून त्याने मूठ आणखी मागे, रिव्हर्समध्ये ओढली, तो होडीने उलट पुढेच उसळी घेतली! प्रसंगावधान राखून त्याने मनगटाला अडकवलेली तांबडी दोरी हिसडली, तेव्हा कोठे इंजिन बंद पडले आणि धक्क्याला बांधलेल्या टायरांवर आपटून होडी थांबली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वहिनींच्या हातचा फराळाचा डबा तेवढा नदीला अर्पण झाला.

"बाब, गिअरबॉक्स गेला असणार," होडीवाला खिन्नपणे म्हणाला. ऐन हंगामात एवढा मोठा खर्च म्हणजे त्याच्या संसारावरच घाला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने इंजिनाचे झाकण काढले, तेव्हा कुतूहलापोटी मीही तेथे हजर होतो. गिअरबॉक्स शाबूत होता. केबलच्या टोकाला बसवलेल्या बोटभर जोडाचे भोक झिजून लांबट झाले होते, क्लिप गळून पडली होती आणि जोड खुंटीवरून निसटला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार!

होडीच्या मागे बाहेरून टांगायचे हे इंजिन तसे जुने आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ साली मिलवॉकी येथे अशा इंजिनांचा धंदा सुरू केला आणि तेथून ते लोकप्रिय झाले. आपल्याकडील मासेमारीच्या लहान होड्यांत बहुधा इंजिनालाच जोडलेला दांडा धरून ते चालवतात. प्रवासी होड्यांत मात्र चालक पुढे बसतो आणि मागच्या इंजिनाला त्याची आज्ञा दोन केबली पोहोचवतात. एक गिअरची, दुसरी थ्रॉटलची, म्हणजे आपण ज्याला 'रेस' म्हणतो त्याची.

या केबलीची रचना साधी आहे. बाहेर लवचीक नळी, आत पोलादी गाभा. गाभा ढकलताही येतो आणि ओढताही येतो. त्याच्या टोकाच्या आटे पाडलेल्या दांडीवर एक जोड फिरवून बसवतात आणि जोडाचे भोक इंजिनावरील खुंटीत अडकवतात. मूठ पुढे किंवा मागे सारली की पहिल्या टप्प्यात गिअर पडतो आणि त्यानंतर रेस वाढते. आमच्या होडीने उसळी का घेतली, ते यावरून ध्यानात येईल. गिअरची केबल निसटल्यामुळे गिअर पुढचाच राहिला. रेसची केबल मात्र आपले काम इमानाने करीत होती.

जोड एकाएकी निसटत नाही. तो पुष्कळ आधीपासून सूचना देत असतो. मूठ हलवली तरी काही अंतरापर्यंत इंजिनाला त्याचा पत्ताच लागत नाही. गिअर पडताना करकर आवाज येतो. याकडे काणाडोळा केला तर खरोखरच गिअरबॉक्सवर बेतते. कारण आतील क्लचचे दात एकमेकांत अर्धवटच अडकतात आणि त्यांच्या कडा झिजून गोल होतात. खारे पाणी या झिजेला हातभार लावते. निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक गंजू लागतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नकोच.

जोड बदलण्याचे काम अवघड नाही. मात्र त्यात शिस्त हवी. प्रथम इंजिन बंद करून किल्ली आणि तांबडी दोरी काढून घ्यावी व बॅटरीची तार सोडवावी. जुना जोड दांडीवर किती आत होता, ते मोजून ठेवावे. भोकाबरोबर खुंटीही तपासावी. खुंटीला खाच पडली असेल तर नुसता नवा जोड फार दिवस टिकणार नाही. मग केबल मोकळी करून हाताने सरकवून पाहावी. ती अडखळत असेल, बाहेरची नळी तडकली असेल किंवा दांडी वाकली असेल, तर संपूर्ण केबलच बदलणे शहाणपणाचे. पुष्कळजण अशा केबलीत तेल-ग्रीस भरतात. परंतु आतून अस्तर असलेल्या केबलीला त्याची गरज नसते, उलट ते घट्ट होऊन केबल जड होते. ग्रीस लावावे ते टोकाच्या दांडीला आणि खुंटीला.

नवा जोड दांडीवर पुरेसा आत जायला हवा. एका प्रसिद्ध उत्पादकाच्या पुस्तिकेत किमान ८ मिलिमीटर आटे आत असावेत, असे बजावले आहे. मूठ आणि इंजिन दोन्ही न्यूट्रलवर ठेवून, जोराने न ओढता खुंटीवर अलगद बसेल इतपतच जोड फिरवावा. नंतर मागचा नट आवळून नवी क्लिप लावावी. जोड खुंटीवर सहज फिरला पाहिजे. इंजिन बंद असताना गिअर तपासायचा, तर पाण्यातला पंखा हाताने हळूहळू फिरवीत मूठ सरकवावी, नाहीतर दात दातांवर आदळून भलतेच वाकेल. न्यूट्रलमध्ये पंखा दोन्ही बाजूंना मोकळा फिरावा आणि रेस पूर्ण मिटलेली असावी. शेवटची परीक्षा होडी धक्क्याला पक्की बांधून, पाण्यात घ्यावी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्यावर या तपासणीस पुरेपूर सवड मिळते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी होडी नाही, त्यांनीही एवढे अवश्य करावे : मुलांना घेऊन होडीत बसताना चालकाच्या मनगटाला तांबडी दोरी अडकवलेली आहे ना, हे पाहावे आणि नसल्यास संकोच न करता विचारावे.

आमच्या त्या होडीवाल्याचे काम तासाभरात आटोपले. जाताना त्याने मेकॅनिककडून दोन जादा जोड आणि मूठभर क्लिपा मागून घेतल्या. झिजलेला जुना जोड मात्र त्याने फेकला नाही. सुकाणूशेजारच्या खिळ्याला तो टांगून ठेवला आहे. परवा भेटलो तेव्हा म्हणाला, "बाब, रोज सकाळी त्याच्याकडे बघतो आणि मगच झाकण उघडून नव्याकडे बघतो."