खेळण्यातली गाडी आणि वऱ्हाडची तपन

राजापेठेतल्या एका आजोबांनी विचारलं आहे, "नातवासाठी रिमोटची गाडी आणली. दुकानदार म्हणतो, बॅटरी फार पॉवरफुल आहे. ती रात्री चार्जिंगला लावून आम्ही झोपलो तर चालेल का?" उत्तर एका शब्दात द्यायचं तर, नाही. पण नुसत्या 'नाही'ला घरातली पोट्टी दाद देत नाहीत, हे आजोबांनाही ठाऊक असेल. म्हणून त्या गाडीच्या पोटात काय चालतं, ते आज पाहू.

रिमोटची गाडी म्हटलं की पेन्सिल सेलवर घरातल्या घरात फिरणारं खेळणं डोळ्यांसमोर येतं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, मैदानात धूळ उडवत ताशी ५० किलोमीटरच्याही वर पळू शकणारी गाडी हे वेगळं प्रकरण आहे. भर वेगात तिची मोटर ५०० वॅटच्या आसपास वीज ओढू शकते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतकी. फरक असा, की मिक्सरला २३० व्होल्ट मिळतात, त्यामुळे त्याचं दोन-सव्वादोन अँपिअरवर भागतं. गाडीची बॅटरी असते ७.४ व्होल्टची. तेवढंच काम तिच्याकडून करून घ्यायचं, तर ६७-६८ अँपिअर प्रवाह सोडावा लागतो. गाडीतल्या तारा बोटभर खेळण्याला न शोभतील इतक्या जाड असतात, त्या यासाठी.

हा प्रवाह देणारी बॅटरी पूर्वी निकेल-कॅडमियमची असे, मग निकेल-मेटल हायड्राइडची आली. आता बहुतेक वेगवान गाड्यांत लिथियम पॉलिमर, म्हणजे बोलीभाषेत लिपो असते. तिच्यावरचं लेबल वाचायला शिकावं. '२एस' म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन सेल. प्रत्येक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ चा. '५००० एमएएच' म्हणजे पाच अँपिअर प्रवाह तासभर पुरेल एवढा साठा. '५०सी' म्हणजे साठ्याच्या पन्नासपट, २५० अँपिअर, प्रवाह देण्याचा दावा. हा शेवटचा आकडा दुकानातल्या 'पन्नास टक्के सूट'च्या पाटीसारखा वाचावा. चांगल्या कंपनीचा ३०सी पॅक कित्येकदा अनोळखी १००सी पॅकपेक्षा सरस निघतो.

साठ्याचा हिशेब केला तर ही बॅटरी ३७ वॅट-तासांची, म्हणजे ९ वॅटचा एलईडी दिवा चार तास चालेल एवढी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वजन पाहा, पाव किलोच्या जरा पुढे. आपल्या घरातली दीडशे अँपिअर-तासाची इन्व्हर्टरची बॅटरी पन्नास किलोहून जड असते. किलोमागे पाहिलं, तर लिपोत चौपटीच्या आसपास ऊर्जा कोंबलेली असते आणि तिच्याभोवती धड डबाही नसतो, फक्त पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या थराची पिशवी. काही पॅकवर वरून प्लॅस्टिकचं कवच असतं, ते ठोकर बसू नये म्हणून.

बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये बसतो स्पीड कंट्रोलर. जुन्या पंख्याचा पेटीएवढा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू केला की तो तापायचा, कारण नको असलेली वीज तो आत जाळून टाकत असे. जुन्या रिमोटच्या गाड्यांतही अशीच तारेची वेटोळी असत. आजचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर वीज जाळत नाही, तोडतो. त्यातले मॉस्फेट नावाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. चालू राहण्याचा वेळ जास्त, तर वेग जास्त. ब्रशलेस मोटरच्या तीन तारांना पाळीपाळीने वीज देणं हेही त्याचंच काम, आणि ब्रेकही तोच लावतो.

पण त्याचं सर्वांत मोलाचं काम दिसत नाही. लिपोचा सेल तीन व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो, म्हणून कंट्रोलर थोडं आधीच, सेलमागे ३.२ व्होल्टच्या सुमाराला, मोटर तोडतो. मुलांना वाटतं गाडी बिघडली. खरं तर गाडी शहाण्यासारखी थांबलेली असते. मात्र बऱ्याच कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार आपण निवडायचा असतो. तिथे निकेलचा पर्याय राहिला, तर हा पहारेकरी झोपतो. सेल फारच रिकामा झाला, की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगला आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते.

चार्जरचंही तसंच. लिपोचा चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो, सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी करत नेतो आणि थांबतो. निकेलच्या बॅटरीचं गणित निराळं आहे. ती भरली की तिचं व्होल्टेज किंचित घसरतं आणि ती घसरण चार्जर हेरतो. आता लिपो चुकून निकेलच्या पर्यायावर लावली, तर चार्जर अशा घसरणीची वाट पाहत बसतो जी येणारच नाही, आणि वीज ढकलत राहतो. अशा वेळी लिपो फुगते, धुरावते, पेट घेते. दुसरी गोष्ट त्या बारीक पांढऱ्या प्लगची. दोन सेलना त्यात तीन तारा असतात. चार्जर त्यांतून प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि दोघांना समान पातळीवर आणतो. तो प्लग न लावता चार्जिंग करणं म्हणजे दोन पेले एकत्र भरताना एकाकडेच पाहणं.

प्रवाह किती? साठ्याइतकाच, म्हणजे या बॅटरीला पाच अँपिअर. त्या वेगाने ती सव्वा तासाच्या आसपास भरते. रात्रभराची गरजच नाही, आजोबा!

आता आपल्या उन्हाकडे येऊ. बहुतेक लिथियम सेल बनवणारे चार्जिंगसाठी ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा देतात. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीचा पारा सावलीतच ४५ च्या घरात जातो. टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. म्हणजे युरोप-अमेरिकेच्या माहितीपत्रकात जी टोकाची मर्यादा म्हणून छापली आहे, ती आपल्याकडे दुपारची नेहमीची हवा आहे! त्यात गाडी नुकतीच पळून आलेली. पॅकचा आतला रोध १० मिलीओहम धरला, तर ६० अँपिअरला ३६ वॅट उष्णता आतच तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री साधारण एवढीच असते. पॅक जुना झाला, की रोध वाढतो आणि उष्णताही. तेव्हा मैदानातून आलेली बॅटरी हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावू नये. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी किंवा दिवे लागल्यावर, फरशीवर, पडद्या-गादीपासून लांब, आणि मोठं माणूस जागं असताना करावं.

हे भिववण्यासाठी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. ती बॅटरी मोठी होती, पण रसायनशास्त्र याच घराण्यातलं. स्कूटरच्या बॅटऱ्यांसाठी सरकारने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून सुरक्षेचे नियम कडक केले. छंदाच्या गाडीचा सुटा पॅक विकत घेताना मात्र लक्ष आपल्यालाच द्यावं लागतं. पेट घेतलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, मुलांना बाहेर काढावं, धूर मुळीच हुंगू नये. या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतं, त्यामुळे वीज तोडल्यावर दुरून भरपूर पाणी मारलेलं चालतं. त्याने पॅक गार होतो.

भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरने आपल्याला एक सवय लावली: बॅटरी सदा भरलेली हवी. शिशाच्या बॅटरीला ते मानवतं. लिपोला नाही. आठवडाभर गाडी चालवायची नसेल, तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे अर्धवट भरलेले ठेवावेत. चांगल्या चार्जरवर 'स्टोरेज' असा पर्याय असतो, तो याचसाठी. भरलेली बॅटरी मे महिन्यात माळ्यावर टाकली, तर दिवाळीत ती फुगलेली सापडण्याची शक्यता बरीच. फुगलेली बॅटरी टोचून हवा काढण्याचा प्रयोग मुलं करू पाहतात, तो होऊ देऊ नका. आणि ती घंटागाडीतही टाकू नका, कारण कचरा दाबताना ती फुटते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. तोवर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून, मातीच्या कुंडीत वाळू घालून ती अंगणात सावलीला ठेवा.