डेटाबेस फुकट, मग बिल कसलं?

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, पोस्टग्रेस तर ओपन सोर्स आहे ना? मग क्लाउडवर त्याचं दर महिन्याला बिल का येतं?" प्रश्न साधा आहे, पण माझ्या पीएचडीच्या डेटाशी थेट जोडलेला आहे. म्हणून आज त्याबद्दल.

माझे १० सेन्सर दर मिनिटाला हवेतल्या धूलिकणांची एकेक नोंद पाठवतात. म्हणजे दिवसाला १४,४०० नोंदी. पहिल्या वर्षी डेटाबेस मी लॅबमधल्या जुन्या मशीनवर स्वतःच चालवत होते. एका शनिवारी डिस्क भरली, पोस्टग्रेस बंद पडलं. सोमवारी येऊन बघते तर दोन दिवसांच्या नोंदी गायब! त्यानंतर मी मॅनेज्ड सर्व्हिस घेतली.

मॅनेज्ड म्हणजे काय? असं समजा, रेसिपी सगळ्यांना फुकट मिळते, पण रोज वेळेवर डबा हवा असेल तर पैसे मोजावे लागतात. सॉफ्टवेअर तेच असतं. बॅकअप घेणं, सुरक्षेचे अपडेट टाकणं, एक सर्व्हर पडला तर दुसरा लगेच उभा करणं, हे सगळं क्लाउड कंपनी करते. बिल त्या कामाचं आणि मशीनचं असतं.

इथपर्यंत ठीक. भांडण पुढे सुरू होतं. रेसिपी लिहिणाऱ्याला काय मिळतं? बऱ्याचदा काहीच नाही, कारण लायसन्सच तशी मोकळीक देतं. डेटाबेस बनवणाऱ्या कंपन्यांना हे खटकू लागलं. मोंगोडीबीने २०१८ मध्ये एसएसपीएल नावाचं नवं लायसन्स आणलं. त्याचा अर्थ थोडक्यात असा: आमचा डेटाबेस सर्व्हिस म्हणून विकायचा असेल, तर ती सर्व्हिस चालवणारा तुमचा बाकीचा कोडही खुला करा. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था या लायसन्सला ओपन सोर्स मानत नाही. आणि अॅमेझॉनने काय केलं? जानेवारी २०१९ मध्ये डॉक्युमेंटडीबी बाजारात आणलं. मोंगोडीबीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम बऱ्याच अंशी त्याच्याशी बोलू शकतात, पण आतलं इंजिन अॅमेझॉनचं.

रेडिसची गोष्ट आणखी बोलकी आहे. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस अगदी मोकळ्या बीएसडी लायसन्सखाली होता. मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी लायसन्स बदललं. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा फाटा फुटला. त्याच्या पाठीशी अॅमेझॉन, गुगल, ओरॅकल उभे राहिले. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल हा ओपन सोर्स पर्याय परत दिला, पण तोवर घराच्या दोन वाटण्या झाल्या होत्या.

यात बरोबर कोण? मला दोन्ही बाजू पटतात. कोड लिहिणाऱ्यांचं पोट भरलं पाहिजे. पण ज्यांनी मोकळं लायसन्स बघून वर्षानुवर्षं मदत केली, त्यांना मधेच नियम बदललेले आवडणार नाहीत.

तुमच्या-माझ्यासारख्याने यातून काय घ्यायचं? "ओपन सोर्स आहे का?" एवढं विचारून थांबू नका. प्रकल्पाचा ताबा कोणाकडे आहे तेही बघा. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठात झाली. आज त्यावर अनेक कंपन्यांचे लोक आणि स्वयंसेवक मिळून काम करतात. कोणा एका कंपनीने उठून मूळ प्रकल्पाचं लायसन्स बदलावं, अशी तिथे सोय नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेर पडायची वाट. मॅनेज्ड सर्व्हिसमध्ये कंपनीच्या स्वतःच्या खास सुविधा असतात. त्या वापरल्या की काम सोपं होतं, पण निघताना पाय अडकतो. माझा प्रबंध पाच वर्षांनी कोणी तपासायला घेतला, तर माझं क्लाउडचं खातं तेव्हा नसेलच. डेटा मात्र उघडता आला पाहिजे. म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पीजी-डंपने सगळा डेटा उतरवते आणि माझ्या लॅपटॉपवरच्या साध्या पोस्टग्रेसमध्ये परत भरून बघते. नुसती फाइल साठवून उपयोग नाही, ती भरली जाते का ते बघायचं. अर्धा तास जातो.

तुमचा डेटा क्लाउडवर असेल, तर या आठवड्यात एकदा हे करून बघाच.