डोंगरातली काठी: ऐकीव आणि खरं

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी मुळशीतल्या पिंप्रीहून अंधारबनाकडे निघालेली गर्दी पाहा. पहिल्या अर्ध्या तासातच प्रत्येक गटातला एखादा तरी वाटेकडेची कारवी मोडतो, पानं ओरबाडतो आणि "झाली काठी" म्हणून पुढे चालू लागतो. भिऱ्याला उतरेपर्यंत ती काठी बहुधा मोडलेली असते. चिखलात फेकून दिलेले कारवीचे असे तुकडे वाटभर दिसतात.

कारवीची काठी भक्कम, हा समज कुडाच्या भिंतींवरून आला असावा. मावळपट्ट्यातली जुनी घरं कारवीच्या कुडाचीच होती. पण कुडात शेकडो काठ्या एकमेकींना लागून बांधलेल्या असतात आणि वरून शेणमातीचा गिलावा असतो. तिथे भार सगळ्यांवर मिळून येतो आणि त्या काठ्या वाळवलेल्या असतात. ओली, बोटभर जाडीची, आत मऊ गाभा असलेली एकटी कारवी सत्तर किलोच्या माणसाचा तोल सावरू शकत नाही. ती दगा देते तीही नेमकी उतारावर, सगळं वजन तिच्यावर टाकलेलं असताना.

"कारवी तशीही मरणारच असते, मग तोडली म्हणून काय बिघडलं?" हा दुसरा युक्तिवाद. कारवी फुलून बी धरल्यावर मरते, हे खरं आहे. पण ती साधारण सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते, एका डोंगरावरची सगळी जवळपास एकदमच. त्याआधी तोडलेलं झुडूप बी न टाकताच जातं. शिवाय सह्याद्रीच्या तीव्र उतारांवरची माती धरून ठेवायला कारवीची मुळं असतात. वाटेच्या कडेची कारवी गेली की पुढच्या पावसात तिथली वाटही ढासळू लागते.

मग काठी कशाची घ्यायची? इथे लोक झाडांची नावं सांगू लागतात. शिसव म्हणजे राजेशाही, साग म्हणजे हमखास, आणि जड ती मजबूत. वजनाचा हा हिशोब चालताना उलटा पडतो. काठी प्रत्येक दुसऱ्या पावलाला उचलायची असते, त्यामुळे दिवसभराच्या चालीत दोनशे ग्रॅमचा फरकही खांद्याला कळतो. साडेचार फूट लांब आणि इंचभर जाड अशी सागाची वाळलेली काठी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. बाभळीची त्याहून शंभर ग्रॅमने जड. काठीला खरी गरज असते ती लवचीकपणाची. धामणीचं लाकूड त्यासाठी पूर्वीपासून नावाजलेलं आहे. धनुष्य, कावड, अवजारांचे दांडे यांना ते वापरत, कारण ते वाकतं, झटका सोसतं आणि पुन्हा सरळ होतं.

झाडाच्या नावापेक्षाही महत्त्वाचा आहे लाकडाचा रेषा. फर्निचरवाल्याकडून सागाच्या फळीतून गोल करून घेतलेली काठी दिसायला देखणी असते, पण फळी कापताना रेषा तिरका तुटलेला असेल तर ती त्याच तिरक्या रेषेवर काडकन मोडते. अख्ख्या फांदीची काठी थोडी वाकडी दिसली तरी तिचे तंतू वरपासून खालपर्यंत सलग असतात. म्हणून विकत घेताना पॉलिशकडे पाहू नका, रेषा कुठून कुठे जातो ते पाहा. दुसरी परीक्षा घरीच करता येते. काठी दोन पायऱ्यांवर आडवी ठेवा आणि मध्यावर पायाने हळूहळू भार द्या. करकरली तर ती कुंडीतल्या वेलाला आधार द्यायला ठेवा.

माझं मत विचाराल तर मुळशीत चालायला बांबूला तोड नाही, तोही भरीव किंवा जाड सालीचा. बांबूबद्दलचे गैरसमज मात्र सगळ्यांत जास्त. पहिला म्हणजे जाड बांबू तो जुना. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते आणि एकाच हंगामात तो पूर्ण उंची गाठतो. पुढची काही वर्षं तो फक्त आतून टणक होत जातो. त्यामुळे मनगटाएवढा बांबू यंदाचा असू शकतो आणि अंगठ्याएवढा चार वर्षांचा. यंदाच्यावर पांढरी भुकटी असते, पेरांना कोशाची सुकी पानं चिकटलेली असतात आणि रंग कोवळा हिरवा असतो. जून बांबूचा रंग मंद होतो, अंगावर करडे डाग चढतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज टणक येतो. काठीसाठी तीन-चार वर्षांचा हवा.

अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू किडत नाही, असं जुनी माणसं सांगतात. बांबू पोखरणारा किडा येतो तो आतल्या पिष्टमय पदार्थांसाठी. कोवळ्या बांबूत ते भरपूर असतात, आणि पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात तोडलेल्या जून बांबूत बरेच कमी. म्हणजे पंचांगातल्या तिथीपेक्षा बांबूचं वय आणि महिना बघावा. तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही याच कारणाने उपयोगी आहे, कारण पाण्यात ते पदार्थ धुऊन जातात.

त्यानंतर वाळवणं. उन्हात टाकली की लवकर वाळते हे खरं, पण तशीच ती चिरतेही. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि काठीला उभी भेग पडते. सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवावी आणि टोकांना मेण लावावं, कारण ओल टोकांतून सगळ्यांत झपाट्याने जाते. झाडाच्या फांदीची काठी असेल तर साल काढावी, सालीखाली किडा लपतो. बांबूची साल मात्र तासू नये. बांबूचे सगळ्यांत मजबूत तंतू बाहेरच्या थरातच दाटलेले असतात. गुळगुळीत करण्याच्या नादात तो थर तासला तर काठीचं बळच तासून काढल्यासारखं होतं. खालचं टोक पेराच्या गाठीलगत येईल असं कापावं, म्हणजे ते फाटत नाही. वाकडी असेल तर ओली असतानाच निखाऱ्यावर शेकवून गुडघ्यावर दाबायची आणि ओल्या फडक्याने गार करायची.

तेलाबाबत एक सावधानता. खोबरेल किंवा एरंडेल चोपडलं की काठी टिकते, असं मानतात. ही तेलं कधीच सुकत नाहीत, काठी चिकट राहते आणि दमट हवेत बुरशी धरते. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून घट्ट थर धरतं, म्हणून तेच लावावं, पातळ आणि दोन-तीन वेळा. मात्र त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लांबीचा घोळ दवाखान्यातून येतो. मनगटापर्यंत पोहोचणारी काठी घरात किंवा रस्त्यावर आधाराला ठीक. कोरीगडाच्या पायऱ्या किंवा घनगडाची वाट उतरताना काठी एक पायरी खाली टेकायची असते, तिथे कमरेएवढी काठी घेतली तर माणूस पुढे झुकतो. काखेपर्यंत येईल एवढी लांब काठी घ्यावी, म्हणजे पाच फूट सहा इंच उंचीच्या माणसाला सुमारे सव्वाचार फूट. चढावर मूठ खाली सरकवता येते, आखूड काठी उतारावर वाढवता येत नाही.

काठी म्हातारपणाची, असं तरुणांना वाटतं. 1999 मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या संशोधकांनी उतारावर मोजमापं घेतली. दोन काठ्या घेऊन उतरणाऱ्यांच्या गुडघ्यांवरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी भरला. एका काठीने फायदा याहून कमी, पण होतो. काठीने दम कमी लागतो, ही समजूत मात्र चुकीची. हातही राबत असल्याने हृदयाचे ठोके उलट थोडे वाढतात. आणि गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी टेकवली की भार दोघांत वाटला जातो.

काठी आपटत गेलं की साप निघून जातात, हे अर्धं खरं. धामण जमिनीची थरथर जाणवून सटकते. घोणस आणि फुरसं मात्र पळण्यापेक्षा दबून राहतात, आणि ताम्हिणीच्या रानातला चापडा तर फांदीवरच बसलेला असतो. काठीने गवत बाजूला करा आणि नजर ठेवा. ओढ्याचंही तसंच आहे. काठीने खोली कळते, ओढ कळत नाही. गुडघाभर वेगाचं पाणी माणसाला पाडू शकतं, तिथे हातात काठी आहे म्हणून पाणी ओलांडायला जाऊ नये.

शेवाळलेल्या काळ्या कातळावर लोखंडी शेंबी घसरते आणि रबरी बूचही घसरतं. तिथे काठी खांद्यावर टाकून हातांचा आधार घ्यावा.

राहिला प्रश्न काठी आणायची कुठून. पडलेली फांदी उचलली तर चालतं, असं सर्रास मानलं जातं. ताम्हिणीचा बराच भाग 2013 पासून अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून परवानगीशिवाय काहीही नेता येत नाही. राखीव वनात भारतीय वन कायदा लागू आहे. नकळत बिब्ब्याची फांदी हाताळली तर कातडीवर फोड येतात, ते वेगळंच. शेताच्या बांधावरच्या बांबूचा प्रश्न मात्र सुटलेला आहे. 2017 च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतकरी आपल्या बेटातला बांबू तोडून विकू शकतो. मुळशीत बांबूची बेटं राखणारे शेतकरी आहेत. पुण्यातल्यांना बुरूड आळी आहे. दोन्हीकडे चार पैसे देऊन हवी तशी काठी निवडून मिळते. जूनमध्ये वापरायची असेल तर डिसेंबरातच सांगून ठेवा. ऐन पावसात मागितलीत तर ओलीच मिळेल.