मोबाइलमधील फोटोंची खुरपणी



आपल्या हिंगोली जिल्ह्यातला सोयाबीन, हळद पिकवणारा शेतकरी आता मोबाइल घेऊन बांधावर उभा राहतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. उभ्या पिकाचा फोटो आपणच काढायचा आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायची. ऐन वेळी मोबाइल म्हणाला, ‘जागा शिल्लक नाही’, तर? घाईने हाताला येईल ते पुसले, की तणाबरोबर पीकही उपटले जाते.

म्हणून खुरपणी आधीच करावी. पहिले तण व्हॉट्सअॅपचे. त्याच्या सेटिंग्जमध्ये साठवणुकीचे पान आहे. तिथे ५ एमबीहून मोठ्या फायली आणि पुन्हा पुन्हा पुढे पाठवलेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. सुप्रभातची चित्रे, एकाच देखाव्याचे चार-चार फोटो, पाहून झालेले व्हिडिओ खुशाल काढावेत. पीकनुकसानीचे, कागदपत्रांचे, घरच्या वडीलधाऱ्यांचे फोटो मात्र राखावेत.

आता एक धोका ऐका. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो त्याच अॅपमधून पुसला, तर तो मोबाइलवरून जातो आणि गूगलच्या साठ्यातूनही जातो. फक्त मोबाइल रिकामा करायचा असेल, तर त्यातली ‘जागा मोकळी करा’ ही सोय वापरावी. बॅकअप झालेल्याच प्रती ती मोबाइलवरून काढते. असा बॅकअप घेतलेला फोटो चुकून पुसला गेला, तरी घाबरू नका. तो तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो.

गुरुजी, शाळेतल्या मोठ्या मुलांना एवढे दाखवाच. मुले घरी आईबापांना शिकवतील.